जहाजावरची दुसरी खाट

खुशबूचा फोन आला तेव्हा दिव्यानी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ब्युरेट धुवत होती. प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली होती आणि मुलांनी सगळ्या नळ्यांना परमँगनेटचे डाग पाडून ठेवले होते.

"ताई, मी नाई येऊन राह्यली."

"कुठी?"

"जहाजावर."

दिव्यानीनं नळ बंद केला. जहाज पुढच्या आठवड्यात मुंबईहून निघणार होतं. "काय दुखते? पाय का छाती? कोन हाय तुह्याजवळ?"

"बाप्पा! काई दुखत नाई. झकास हावो मी." खुशबू हसली, मग तिचा आवाज खाली आला. "साक्षगंध ठरलं माहं. येत्या रविवारीच. घुग्घुसचा पोरगा हाय, खानीत डंपर चालवते. मिथुन नाव हाय. त्याची आजी लय बिमार हाय म्हनते, म्हनून घाई करून राह्यले. साक्षगंध झाल्यावर पोरीले इतक्या दूर नाई सोडत आमच्यात."

"त्याईले सांगितलं?"

खुशबूच्या मागं शिलाई मशीन चालू होती. ती थांबली.

"सांगीन ना."

"कधी?"

"आता मास्तरीन नोको होऊ वं ताई. आजवर जे पाहाले आले ते चहा पिऊन गेले अन् गेलेच. हे हसत गेले. मले जराशी खुश तं होऊ दे."

"हो गं," दिव्यानी म्हणाली. "अभिनंदन."

फोन ठेवल्यावर तिनं उरलेल्या नळ्या धुतल्या, स्टँडला उलट्या लावल्या आणि मग स्टुलावर बसली.

दोघींना सिकलसेल होता. रक्तातल्या लाल पेशी एरवी गोल असतात. या आजारात ऑक्सिजन कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि जिथं अडकतात तिथं असं दुखतं की मोठी माणसं आईला हाका मारतात. दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक राहतो आणि बहुधा त्याला ते माहीतही नसतं. दिव्यानीला हे बी.एस्सी.च्या पुस्तकात वाचायला मिळालं त्याच्या आधीच ते तिच्या अंगानं शिकवून ठेवलं होतं.

खुशबू चामोर्शीची, दिव्यानीपेक्षा बरीच लहान, ब्लाउज शिवणारी. दोघींची ओळख गडचिरोलीच्या दवाखान्यात शेजारच्या खाटांवर रक्त चढत असताना झाली. पहिल्याच दिवशी खुशबूनं विचारलं होतं, "ताई, तुमची बाटली कोनाची हाय? माही तं एका पोलीसवाल्याची हाय म्हनते. आता मी कोनाच्या बापाले भेत नाई." त्या वॉर्डात हसू येऊ शकतं हे दिव्यानीला तेव्हाच कळलं.

जहाजाची कल्पना एका डॉक्टरच्या बोलण्यातून निघाली. दिव्यानीच्या डाव्या खुब्याचं हाड रक्त न पोचल्यामुळं सडत चाललं होतं. उन्हाळ्यात ऑपरेशन करायचं होतं आणि तिच्यासारख्या रोग्याला भूल दिल्यावर काय होईल, हे कुणी खात्रीनं सांगत नव्हतं. "त्याआधी कुठं फिरून यायचं असलं तर या," डॉक्टर म्हणाले होते. डोंगर नको, तिथं हवा विरळ. विमानही नकोच. मग स्वतःशीच गंमत केल्यासारखं ते म्हणाले, "समुद्रावर जा. इतकी दाट हवा दुसरीकडं कुठं मिळणार?"

दिव्यानीनं ती गंमत धरून ठेवली. मुंबई ते लक्षद्वीप आणि परत. दोन खाटांची खोली, समुद्राकडं खिडकी. जहाजाच्या कंपनीनं परवानगी दिली ती एका अटीवर: खोलीत रोग्याला एकटं राहता येणार नाही, आजार ओळखणारं माणूस सोबत हवं. खुशबूपेक्षा जास्त ओळखणारं कोण होतं? दोघी एकमेकींच्या सोबती म्हणून लिहिल्या गेल्या. गेले तीन महिने खुशबू दर बुधवारी फोन करून विचारायची, जहाजावर पोळी मिळते का भातच, आणि गाऊन शिवू का पंजाबी.

टूरवाल्यानं सांगितलं, "मॅडम, शुक्रवारपर्यंत नाव बदलून देतो. एकट्या मात्र नाही जाता येणार."

घरी आई, गुणाबाई, मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. "एकटी पान्यात जाशीन? मंग मले आधी पोचवून ये मोक्षधामात."

"कोनी भेटली तं?"

"कोन भेटते?"

कोण भेटणार, हे दिव्यानीनं मनात पडताळून पाहिलं. भाऊ निकेशची बायको बाळंत होती. कॉलेजमधल्या बायका चांगल्या होत्या, पण दुखणं आलं की घाबरून जाणाऱ्या. आजार ओळखणारी माणसं एकाच ठिकाणी होती, रोग्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. तो ग्रुप दिव्यानीनंच उघडला होता. गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतले रोगी, त्यांच्या आया, आज्या. रक्त कुठं मिळेल, कोणती गोळी संपली, कोण भरती झालं, एवढंच तिथं चालायचं.

त्या ग्रुपचा एक नियम होता आणि तोही दिव्यानीचाच. कुणी ठरलेल्या ठिकाणी येणार नसलं तर कारण पूर्ण लिहायचं. पूर्वी एकदा एका पोरानं मेळाव्याला "येऊ शकत नाही" एवढंच लिहिलं होतं, आणि तो गेला असं समजून अर्धा ग्रुप त्याच्या दारात रडत उभा राहिला होता. तेव्हापासून अर्धवट निरोप कुणी टाकत नसे.

तिनं लिहिलं: "जयभीम, नमस्कार. लक्षद्वीपच्या सहलीला माझ्यासोबत येणाऱ्या खुशबू (चामोर्शी) हिला येता येत नाही. तिची तब्येत उत्तम आहे, काळजी नसावी. रविवारी घुग्घुस येथील मुलाशी तिचं साक्षगंध आहे. तिच्या जागी कुणी महिला येऊ शकत असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावे."

पाठवण्याआधी तिनं ते दोनदा वाचलं. मजकुरात चूक नव्हती. ग्रुपमध्ये बाहेरचं कुणी नव्हतं.

उत्तरं भराभर आली. फुलं, हात जोडलेले, केक. ब्रह्मपुरीकडच्या श्रावणभाऊंनी लिहिलं, "महिला पाह्यजे म्हनते, नाई तं आमी तयारच होतो. साडी नेसून आलो तं चालन का?" कुणाची मुलगी आजारी होती, कुणाला रजा नव्हती, कुणाला पाण्याची भीती. घुग्घुसच्या इंदुताईंनी, ज्यांचा नातू याच आजाराचा होता, मोठ्या आवाजात निरोप बोलून पाठवला: "अरे वा वा! आमच्या घुग्घुसात? कोनाच्या घरी वं? डंपरवाला मिथुन काय? त्याच्या मायनं कालच सांगितलं चामोर्शीची पोरगी पाह्यली म्हनून. लय चांगले लोक हायेत!"

शुक्रवारपर्यंत कुणी तयार झालं नाही. टूरवाल्यानं यादी बंद केली तेव्हा खोलीवर अजून दोघींचीच नावं होती. दिव्यानीनं कपाटाच्या वरून काढलेली बॅग पुन्हा वर ठेवली. डावा पाय स्टुलावर चढवताना तिला भिंत धरावी लागली.

शनिवारी सकाळी इंदुताईंचा फोन आला. त्या रडत होत्या.

त्या आनंदानं गेल्या होत्या. तिळाचे लाडू घेऊन मिथुनच्या घरी गेल्या आणि त्याच्या आईला म्हणाल्या, बरं झालं, आता वस्तीत एक जाणकार सून येते, माझ्या नातवाला धीर होईल. अशा पोरीला घर देणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली.

"मले वाटलं त्याईले माहीत हाय," इंदुताई म्हणाल्या. "तुमीच तं ग्रुपवर उघड लिवलं होतं बाई, काळजी नसावी म्हनून. माह्या हातचा लाडू त्याच्या मायच्या हातात तसाच राह्यला."

दिव्यानीनं खुशबूला फोन लावला. तो बंद होता. मग इंदुताईंकडून नंबर घेऊन तिनं मिथुनला लावला. आपण कोण हे सांगितलं आणि वर्गात सांगते तसं सावकाश सांगितलं: तुम्ही एकदा रक्त तपासून घ्या. तुमच्यात दोष नसेल तर एकही मूल आजारी होणार नाही, सगळी वाहक होतील, बस. तुम्ही वाहक असाल तर मात्र विचार करावा लागेल. तपासणी सरकारी दवाखान्यात होते, बोटाला टोचून.

मागं खाणीतला भोंगा वाजला.

"मॅडम, तुमचं म्हननं बराबर असन," तो शेवटी म्हणाला. "पन घरी कोनी आयकून नाई राह्यलं. अन् मले एक सांगा, हे मले तिनं काऊन नाई सांगितलं? लाडूवाल्या बाईकून काऊन आयकाव मी?"

त्यानं तपासणी करून घेतली की नाही, हे तिला पुढं कधी कळलं नाही.

संध्याकाळी खुशबूच्या वडिलांचा, लटारूभाऊंचा फोन आला. त्यांनी ग्रुपचं नाव काढलं नाही. "दिव्यानीबाई, तुमच्या खोलीत ते जागा हाय का अजून?"

"आहे."

"मंग घेऊन जा तिले. इथी लोकं येऊन येऊन विचारून राह्यले, काऊन मोडलं, काऊन मोडलं. पोट्टी जेवत नाई. जराशी दूर राह्यली तं बरं."

"ती येते म्हणाली?"

"ते काईच म्हनत नाई. मी म्हनून राह्यलो."

दिव्यानी हो म्हणाली. फोन ठेवल्यावर जे पहिलं मनात आलं ते तिनं नीट पाहिलं, कारण तिला तशी सवय होती. ते दुःख नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं होतं. आता जाता येणार होतं. दुसऱ्या क्षणी ते गेलं, पण पहिलं तेच होतं.

नागपूरच्या बसमध्ये खुशबू खिडकीशी बसली. मुंबईच्या गाडीत तिनं वरची बर्थ मागून घेतली. ती भांडली असती, तर दिव्यानीला काही बोलता आलं असतं. ती विचारलेल्याला उत्तर द्यायची. पाणी दिलं की प्यायची, गोळी दिली की घ्यायची.

खोली लहान आणि स्वच्छ होती. दोन खाटांमध्ये एक माणूस उभं राहील इतकीच जागा. खिडकी गोल नव्हती, चांगली रुंद होती, आणि तिच्यात काठोकाठ समुद्र भरला होता. दिव्यानीनं त्याचा रंग पाहिला. दुपारी तो कॉपर सल्फेटच्या पातळ द्रावणासारखा होता, किनारा दूर गेल्यावर दाट झाला. तिनं तो कुणालातरी दाखवायचा म्हणून तोंड वळवलं.

खुशबू भिंतीकडं तोंड करून झोपली होती. एसीचा वारा सरळ तिच्या खाटेवर येत होता. थंडीनं तिचं दुखणं उठतं हे माहीत असून तिनं पांघरूण घेतलं नव्हतं. दिव्यानीनं उठून एसी बंद केला आणि आपली शाल तिच्यावर घातली.

"मी सांगनार होती त्याले," खुशबू भिंतीलाच म्हणाली.

दिव्यानी तिथंच उभी राहिली.

"शनिवारी. चंद्रपूरले बोलावलं होतं म्या त्याले, साडी घ्याच्या बहान्यानं. काय बोलाचं ते पाठ करून ठेवलं होतं. तो नाई म्हनला असता तं म्हनला असता. पन माह्या तोंडून तं आयकला असता."

"खुशबू, मला वाटलं ग्रुप आपलाच आहे. सगळे काळजी करतील म्हणून..."

"मालूम हाय. तू बराबरच लिवलं होतं. तुह्यं चुकते कधी?"

ती शाल काढून टाकेल असं दिव्यानीला वाटलं. तिनं काढली नाही. पण त्यानंतर परतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत ती दिव्यानीशी आपणहून बोलली नाही.

बेटावर जायला लहान होडीत उतरावं लागत होतं. दिव्यानी एकटी उतरू शकली नसती, म्हणून ती गेली नाही. वरच्या डेकवर लोक फोटो काढायचे. एक गुजराती बाई रोज तिला विचारायची, "आपकी बहन ऊपर नहीं आती?" ती म्हणायची, तिला ऊन सोसत नाही. दाट हवा होती, श्वासाला काहीच कष्ट पडत नव्हते. ती खुर्चीत बसून पाणी पाहायची, आणि दर थोड्या वेळानं खाली जाऊन खुशबू नुसती झोपली आहे ना, हे पाहून यायची.

शेवटच्या सकाळी मुंबई जवळ आली तसे लोक कठड्याशी गोळा झाले. त्यांच्यातून वाट काढत खुशबू वर आली. ती पहिल्यांदाच डेकवर येत होती. केस विंचरलेले होते, अंगात नवा शिवलेला पंजाबी होता. दिव्यानीनं शेजारची खुर्ची पुढं ओढली.

खुशबू बसली नाही. तिनं समुद्राकडं पाहिलं नाही, हातातल्या मोबाईलकडं पाहिलं. "नेटवर्क आलं," ती म्हणाली. "ग्रुपातून माहं नाव काढून टाक."

"तुला रक्त लागलं तर कळणार कसं? कोण..."

"काढ ना ताई. मी सोता निघाली तं सगळे विचारतीन, काऊन निघाली."

दिव्यानीनं ग्रुप उघडला. इतक्या दिवसांचे निरोप एकदम आले, थांबले. तिनं खुशबूचं नाव शोधलं, त्यावर बोट दाबून धरलं. मोबाईलनं विचारलं, काढायचं का. ती खुशबूकडं पाहत राहिली.

खुशबू तिच्या बोटाकडं पाहत होती. ते दाबलं गेल्याची खात्री झाल्यावर ती बॅग आणायला खाली गेली.