सगळ्यात चांगल्या आईचा पुरावा

सकाळी दुसरीच्या वर्गावर शिकाऊ बाई आणि दुपारी विद्यापीठात एम.ए.ची विद्यार्थिनी, हे दोन्ही एकदम करायची अवदसा माझी मलाच आठवली. माझे मार्गदर्शक सर प्रबंधाच्या पानापानावर लाल पेनाने एकच लिहितात, ‘पुरावा काय?’ स्वतःच्या चार पुस्तकांत त्यांनी तो कुठे दिलाय, हे विचारायची सोय नाही.

परवा त्यांची पानं निस्तरता निस्तरताच मी मुलांचे निबंध तपासायला घेतले. हातात लाल पेन होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं. एका मुलीने लिहिलं होतं, ‘माझी आई जगात सगळ्यात चांगली आहे.’ त्याखाली मी ‘पुरावा काय?’ लिहिलं आणि शाळा सुटताना वह्या वाटून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला ती आईला हाताला धरून वर्गात घेऊन आली. आईच्या खांद्याला ऑफिसची बॅग होती आणि कपाळावर आठ्या.

“बाई, पुरावा आणलाय,” मुलगी म्हणाली.

“रात्रभर हिने डोकं खाल्लं, म्हणून अर्धी रजा टाकून आलेय,” आई म्हणाली. “तपासा.”

आता तपासायला उरलं काय होतं? मी मुकाट्याने दहापैकी दहा दिले.