उसन्या टायरांवर पास झालेली रिक्षा

मित्रांनो, रेवदंड्यात कमलेशच्या घरामागे नारळाखाली जी जुनी रिक्षा उभी आहे, ती मीच. माझ्या टपावर आता कोंबड्या बसतात. या, जवळ बसा. मी हल्ली कुठे जात नाही.

कारखान्यातून आले तेव्हा माझा थाट बघायला हवा होता! कमलेशने मला हार घातला, नारळ फोडला. त्याची बायको कोकिळा सुकी मासळी घेऊन अलिबागच्या बाजाराला माझ्यातूनच जायची. उतरताना माझ्या दांडीवरून हात फिरवायची आणि गुणाची आहे म्हणायची. तो हात मला फार आवडायचा.

पुढे माझे टायर झिजून गुळगुळीत झाले. पासिंग होईपर्यंत आपण एसटीने जाणार, असं कोकिळेने सरळ सांगून टाकलं. पासिंग म्हणजे सरकारी तपासणी. साहेब ब्रेक, दिवे, टायर बघतात आणि गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचं प्रमाणपत्र देतात.

आमच्या स्टँडवर मात्र एक रीत पडली होती. लग्नाला शेजारणीचे दागिने मागून आणावेत, तसे पासिंगला दुसऱ्याचे टायर आणायचे. कमलेशनेही शेजारच्या निकेतच्या नव्या रिक्षाचे टायर मला चढवले, वरून रंगाचा हात मारला. साहेबांनी नीट तपासलं. त्या दिवशी मी खरोखर ठणठणीत होते! संध्याकाळी निकेतचे टायर परत गेले आणि माझे गुळगुळीत टायर पुन्हा माझ्या नशिबी आले.

दुसऱ्या दिवशी कोकिळा टोपली घेऊन आली.

"पास झाली हाय ना? मग आता बिनघोर बसते," ती म्हणाली.

कमलेशने तिची टोपली आत ठेवली. त्याने गाडी सुरू केली.

पुढच्या वळणावर मासळीच्या टेम्पोतलं पाणी सांडून रस्ता निसरडा झाला होता. कमलेशने ब्रेक दाबला. ब्रेक लागला, पण टायरांनी रस्ता धरला नाही. मी घसरले आणि उलटले. कमलेशला नुसतं खरचटलं. कोकिळा माझ्याखाली सापडली. ती पुन्हा घरी आली नाही. मला हात असते तर मी स्वतःला उचलून बाजूला फेकलं असतं. अजून ते आठवलं की माझा जीव तुटतो.

मित्रांनो, माझ्या प्रमाणपत्राची मुदत अजून संपलेली नाही. कागदावर मी धडधाकट आहे. पण कागद तपासणीच्या दिवसाचं सांगतो, रोजचं आपल्यालाच बघावं लागतं. आपलं माणूस गाडीत बसण्याआधी जरा वाकून टायर बघत जा.

तेराव्यानंतर कमलेशने कोरे टायर आणून मला बसवले. मग मागची सीट पुसली आणि हळूच म्हणाला, "आता बस गं."

तेव्हापासून त्याने मला रस्त्यावर नेलेलं नाही. सीट मात्र तो रोज पुसतो.