एकशे वीस वर्षांचं तिकीट आणि वहिनींचे गुडघे

जांभळा दिवा लागला आणि खोलीतल्या साठ-सत्तर माणसांनी एकदम श्वास रोखला. पडदे ओढलेले होते. पंखेही बंद होते, का तर वाऱ्याने तिकीट उडेल! समोरच्या टेबलावर, काळ्या मखमलीच्या तबकात, नखाएवढा कागदाचा तुकडा निळसर पांढरा चमकत होता.

"बघा!" तिकीटसाहेब कुजबुजले. "एकशे वीस वर्षांचं टपाल तिकीट! याची सगळी भावंडं जहाजासकट समुद्रात बुडाली. हे एकटं एका पाकिटावर चिकटलं होतं म्हणून वाचलं. जगात दुसरं नाही. खोटं तिकीट या दिव्याखाली मढ्यासारखं पडून राहतं. अस्सल असेल तरच जागं होतं!"

"जागं झालं हो!" आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला भरल्या गळ्याने म्हणाला. माझ्या शेजारच्या बाईंनी तर चक्क डोळे पुसले.

मी दातांचा डॉक्टर. रोज दहा जण माझ्यासमोर तोंड उघडतात, तेव्हा माणसाचं वासलेलं तोंड मला नवीन नाही. पण एका टपाल तिकिटापुढे इतकी तोंडं एकदम वासलेली मी प्रथमच पाहत होतो.

प्रकार असा होता. फर्निचरच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर, बंद पडलेल्या टायपिंग क्लासच्या खोलीत दुर्मीळ तिकिटांचा व्यापार करणारी एक कंपनी अवतरली होती. तिच्या मालकाला सगळे तिकीटसाहेब म्हणत. तिकीट म्हणे इतकं महाग की एकट्यादुकट्याला परवडायचं नाही, म्हणून कंपनीने त्याचे दहा हजार शेअर पाडले होते. दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता तिकिटाचं दर्शन व्हायचं आणि मग साहेब फळ्यावरचा जुना भाव पुसून नवा लिहायचे. तो कधी उतरला नाही. पहिल्या महिन्यात इस्त्रीवाल्याला नफ्याचं पाकीट मिळालं. तेव्हापासून तो कपडे कमी आणि तिकिटाची कीर्ती जास्त पोचवत होता.

माझ्या दवाखान्याच्या बाकावर आता दाढदुखी मागे पडली होती.

"तुमचे किती?" गालाला फडकं बांधलेला किराणावाला विचारायचा.

"वीस. तुमचे?"

"चाळीस. पण मला कोपऱ्याकडचे हवे होते. तिकिटाचे काठ शाबूत असले तर भाव जास्त, म्हणतात."

"अहो, शेअरला कोपरा नसतो," मी आतून ओरडायचो.

"डॉक्टर, तुम्ही दाढा बघा," बाहेरून उत्तर यायचं.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण एक दिवस दादा, माझा थोरला भाऊ, उड्या मारत आला. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला हा सज्जन माणूस. कोणी मोठ्या आवाजात ठाम बोललं की याला ते खरंच वाटतं.

"तुझ्या वहिनीच्या गुडघ्यांचे पैसे टाकतोय त्या तिकिटात," तो म्हणाला.

मी हातातली पकड खाली ठेवली. वहिनींनी एकतीस वर्षं टपाल खात्यात नोकरी केली, तीही बहुतेक उभ्याने. दोन्ही गुडघे पार झिजले होते. पुढच्या महिन्यात ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यासाठी त्यांनी पै-पै करून टपालाच्या बचत खात्यात पैसे साठवले होते.

"दादा, गुडघे काय भाड्याने आणणार आहेस?"

"अरे, हिशेब समजून घे. आत्ता पैसे दोन गुडघ्यांचे आहेत. तीन महिन्यांत ते चार गुडघ्यांचे होतील!"

"पण वहिनींना गुडघे दोनच आहेत!"

"म्हणजे उरलेले दोन नफा!" दादा विजयाने म्हणाला.

म्हणून त्या शनिवारी मी तिथे मुकाट्याने बसलो होतो. जांभळ्या उजेडात इकडेतिकडे पाहू लागलो आणि गंमत दिसली. तिकीट चमकत होतंच, पण इस्त्रीवाल्याचा पांढरा सदरा त्याहून जास्त चमकत होता. माझा रुमाल चमकत होता. किराणावाल्याचे दात चमकत होते आणि साहेबांचे पुढचे दोन मात्र काळे ठिक्कर दिसत होते, म्हणजे ते बसवलेले होते. आमच्या धंद्यात हा दिवा नवा नाही.

मी उठलो. "साहेब, हा दिवा जरा इस्त्रीवाल्यांच्या कॉलरवर धरता? ती तिकिटापेक्षा जास्त जागी झालीय. कपडे धुवायच्या पावडरीत आणि आजकालच्या पांढऱ्या कागदात सफेदी वाढवणारं एक द्रव्य असतं, ते या उजेडात चमकतं. एकशे वीस वर्षांपूर्वी ते कोणी कागदात घालत नव्हतं. तिकीट चमकतंय याचा अर्थ कागद नवा आहे!"

मला वाटलं, जिंकलो.

"डॉक्टरसाहेब," तिकीटसाहेब मधाळ हसले, "सदऱ्याची चमक बाहेरची असते. तिकिटाची आतली. ती ओळखायला नजर लागते. तुमची नजर बिचारी दिवसभर किडीत!"

खोली हसून हसून लोळली. सगळ्यात मोठ्याने दादा हसला. मी खाली बसलो. खरं सांगतो, मला राग आला आणि रडूही आलं. माझ्याकडे पुरावा होता आणि त्याच्याकडे टाळ्या होत्या.

दादाचं घोडं अडलं ते एका सहीवर. खातं दोघांच्या नावावर होतं, त्यामुळे पैसे काढायला वहिनींचीही सही लागणार होती.

"करते की," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "पण आधी तिकीट बघणार. एकतीस वर्षं तिकिटांवर शिक्के मारले, पण एवढं महागडं एकही हाताखालून गेलं नाही."

"अगं, तीन मजले आहेत! तुला जमणार आहे का?"

"अहो, गुडघे माझे आहेत ना? मग ते कशापायी चाललेत ते मी बघायला नको?"

पुढच्या शनिवारी वहिनी तिसरा मजला चढल्या. एक हात कठड्यावर, एक माझ्या खांद्यावर. दर पायरीला ओठ घट्ट मिटायचे आणि दर वळणावर म्हणायच्या, "थांबा हो भाऊजी, जरा." दादा मागून पिशवी घेऊन येत होता. तिच्यात बचत खात्याचं पासबुक आणि पैसे काढायचा कोरा अर्ज होता. तिसऱ्या वळणावर त्याचा चेहरा उतरला होता, पण तो माघारी फिरला नाही.

वर पोचलो तेव्हा वहिनींमध्ये आणखी दहा पावलं टाकायचं त्राण नव्हतं. मी दारातच खुर्ची मांडली आणि त्या तिथेच बसल्या. दरवाजा एकच, तोही अरुंद. खुर्चीने तो पुरता अडला.

साहेबांनी एका नजरेत गिऱ्हाईक ओळखलं. तबक घेऊन स्वतः दारापर्यंत आले. "काकू, तुमच्यासाठी तिकीट चालत आलं! असा मान आजवर कोणाला दिला नाही."

वहिनींनी तबक मांडीवर घेतलं. "दिवा नको. पडदा उघडा. आणि ते भिंग द्या."

पडदा उघडला. त्या पाहत राहिल्या. तिकिटाकडे नाही, तिकिटावरच्या काळ्या गोल शिक्क्याकडे. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं, जसं जुनी मैत्रीण बाजारात दिसली की येतं.

"अगंबाई, हा तर माझा शिक्का!"

"काकूंना आठवणी दाटून आल्या," साहेब लोकांकडे वळून म्हणाले.

"आठवणी नाहीत हो, टवका! हे वर्तुळ खाली उजवीकडे तुटलंय, बिस्किटाचा तुकडा मोडल्यासारखं, दिसतंय? एकोणीस वर्षांपूर्वी हा शिक्का माझ्या हातून फरशीवर पडला. पोस्टमास्तरांची बोलणी खाल्ली, नवा काही मिळाला नाही. आमच्या एवढ्याशा ऑफिसात पत्रांना, पासबुकांना, सगळ्याला तोच एक. मी निवृत्त झाले त्याच वर्षी ऑफिस हलवलं, तेव्हा भंगारात गेला. तारखेचे आकडे फिरवता येतात, ते फिरवलेत कोणीतरी. टवका कसा फिरवणार? एकशे वीस वर्षांपूर्वी मी फरशीवर काय टाकणार? माझी आजी तेव्हा पाळण्यात असेल!"

"काकू, शिक्के सगळे सारखेच..."

"अहो, पासबुक द्या," वहिनी दादाला म्हणाल्या.

दादाने पासबुक काढलं. पानापानावर तोच गोल शिक्का होता आणि खाली उजवीकडे तोच टवका. गुडघ्यांसाठी ठेवलेल्या प्रत्येक रकमेवर तो वहिनींनी स्वतःच्या हाताने ठोकला होता. भिंग हातोहात फिरलं. किराणावाल्याने तीनदा बघितलं.

इथे तिकीटसाहेबांची खरी कला दिसली. ते गडबडले, पण सेकंदभरच. मग दोन्ही हात वर करून ओरडले, "अभिनंदन! मंडळी, अभिनंदन! चुकीच्या शिक्क्याचं तिकीट! अहो, चूक असलेलं तिकीट तर दुर्मिळातलं दुर्मीळ! आजपासून भाव तिप्पट!" आणि धावत जाऊन फळ्यावर लिहूनही टाकला.

तुम्हाला खोटं वाटेल, पण सात-आठ जणांनी टाळ्या वाजवल्या. मी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात इस्त्रीवाला उभा राहिला. "तिप्पट झाला ना भाव? मग माझे वीस शेअर तुम्हीच घ्या. तिप्पट नको. दुपटीत देतो. आत्ता."

"आत्ता? अहो, बाजार तेजीत असताना कोणी विकतं का?"

"मी विकतो. बरं, दुप्पट राहू द्या. घातले तेवढेच द्या."

"सोमवारी या."

"तेही नको? निम्मे?"

साहेब गप्प. त्या गप्प बसण्याने जे झालं, ते माझ्या शास्त्राने झालं नव्हतं. किराणावाला सावकाश म्हणाला, "मग पहिल्या महिन्यात याला नफा दिला, तो कुठून दिला?"

"तुमच्या चाळीस शेअरांतून," मी म्हणालो. "तिकीट विकलंच गेलं नाही, मग नफा येणार कुठून? मागून येणाऱ्यांचे पैसे पुढच्यांना द्यायचे, पुढच्यांनी गावभर डांगोरा पिटायचा. आणि भाव ठरवायचा बाजार म्हणाल तर तो खडू!"

तिकीटसाहेबांनी बॅग उचलली आणि काढता पाय घेतला. पण पाय निघणार कुठून? दारात वहिनी, मांडीवर तबक.

"काकू, जरा वाट द्या."

"देते हो," वहिनी म्हणाल्या. "पण मला उठायला वेळ लागतो. गुडघे!"

त्या खरंच उठायला लागल्या. अर्ध्या उठल्या, कण्हल्या, बसल्या. पुन्हा उठल्या, पुन्हा बसल्या. किराणावाल्याने फोन केला होता, पोलीस येईपर्यंत त्यांचं हे उठणं चालू होतं.

साहेबांच्या बॅगेत तसलीच आणखी एकोणतीस 'जगात एकमेव' तिकिटं निघाली, आणि फडक्यात गुंडाळलेला टवक्याचा शिक्का. लोकांना पैसे सगळे मिळाले नाहीत. जे बॅगेत सापडले, तेवढेच वाटून परत आले. इस्त्रीवाल्याने नफ्याचं पाकीट किराणावाल्याला आणून दिलं आणि आठवडाभर कोणाशी बोलला नाही. त्याला हसावंसं मला वाटलं नाही. कष्टाने पैसा जोडणाऱ्यांना घाई झालेली असते, म्हणूनच ती माणसं फसतात. मूर्ख असतात म्हणून नव्हे.

म्हणून एवढंच सांगतो. कोणी दिवा दाखवून चमत्कार म्हणाला, तर तो दिवा आपल्या हातात घ्या आणि स्वतःच्या कॉलरवर टाकून बघा. कोणी भाव वाढला म्हणाला, तर त्याच भावाने त्यालाच विकून बघा. आणि घरात ज्या माणसाने त्या वस्तूत जन्म घालवलाय, त्याला विचारा. बहुतेक वेळा तो शेजारच्याच खोलीत असतो आणि आपण त्याला म्हणतो, तुला जमणार नाही.

त्या संध्याकाळी वहिनींना खाली उतरवताना दादा पुढे झाला. एकेक पायरी उलटा उतरत, त्यांचे दोन्ही हात धरून.

दुसऱ्या वळणावर थांबला. "चुकलं माझं," म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

"ते नंतर," वहिनी म्हणाल्या. "आधी नीट बघून उतरा. तुम्ही पडलात तर पैसे दोनच गुडघ्यांचे आहेत."