साच्याच्या कडेची भुकटी

२०१६ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. मथुराबाई माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या आणि मी दोनदा सांगूनही बसत नव्हत्या. आमच्या यवतमाळच्या कॉलेजात, भौतिकशास्त्र विभागात, त्या एकोणतीस वर्षं परिचर होत्या. डिसेंबरअखेर निवृत्त व्हायच्या होत्या. त्यांच्या हातात कागदाची पुडी होती आणि एक लोहचुंबक.

"मॅडम, हे पाहा."

पुडीत काळी भुकटी होती. त्यांनी कागदाखालून चुंबक फिरवला. भुकटीतले काही कण उभे राहिले आणि चुंबकामागे सरकू लागले. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

मँगनीज आणि कोबाल्ट यांचं हे मिश्र ऑक्साइड, माझी विद्यार्थिनी दीपमाला हिच्या पीएच.डी.चं. खोलीतल्या उष्णतेत ते चुंबकाला दाद देत नाही. खूप थंड केलं की आतले अणू लहान लहान गट करतात. गटात सगळ्यांचं तोंड एकीकडे, पण प्रत्येक गटाचं वेगळीकडे, आणि तसेच ते गोठून बसतात. दीपमालाने हे समजावलं तेव्हा मथुराबाई म्हणाल्या होत्या, "म्हंजे आपल्या स्टाफरूमसारखंच की."

दीपमालाच्या नमुन्यांत मात्र हे गट थंडी नसतानाही टिकलेले दिसले. मोजमाप इंदूरहून करून आणलं होतं. पेपर छापून आला होता, प्रबंध बांधायला गेला होता, आणि ३१ डिसेंबरला तिची मुदत संपत होती.

"कशानं झालं हे?" मी विचारलं.

"भुकटी दाबून गोळी केली का साच्याच्या कडेले थोडी चिकटून राह्यते. तुमी म्हटलं होतं, कोबाल्ट महाग हाये, कण वाया नाही गेला पाह्यजे. म्हून मी ते आरीच्या तुटक्या पात्यानं खरवडून परत भुकटीत टाकत होती. दोन वर्षं. काल पातं धुतलं तं धार झिजलेली. म्हटलं, धार गेली कुठं?"

धार दीपमालाच्या प्रबंधात गेली होती. आम्ही शोधलेले गट लोखंडाचे होते. कण वाया जाऊ देऊ नका, असं बजावणारी मीच.

मी हलक्या आवाजात विचारलं, "आणखी कुणाला सांगितलंत?" या प्रश्नाची मला आजही लाज वाटते.

"तुमालेच पयले. आता तिले सांगतो."

"थांबा थोडं. एवढीशी तर भुकटी."

"तिच्या व्हायवाच्या परीक्षेले बाहेरचा सर येईन. चुंबक त्याच्याबी खिशात राहू शकते." मग त्या थांबून म्हणाल्या, "अन् नाही राह्यला, तरी मले तं मालूम हाये."

तेवढ्यात दीपमाला आली. "मावशी, उभ्या काहून?"

मथुराबाईंनी तिला उभ्यानंच सगळं सांगितलं. दीपमालाने पुडी घेतली, चुंबक फिरवला, पुन्हा फिरवला.

"महिन्यानं रिटायर होऊन राह्यल्या ना तुम्ही? चूप बसाचं होतं मग."

"बसून पाह्यलं बेटा. कालच्यानं बसून राह्यली. नाही जमलं."

दीपमाला पुडी टेबलावर ठेवून बाहेर निघून गेली. तिची पावलं जिन्यावरून खाली जाताना ऐकू येत होती. मथुराबाईंनी पुडी बांधली आणि रोजच्यासारखे काचेचे पेले धुवायला घेतले.

तिसऱ्या दिवशी दीपमाला परत आली. नव्या नमुन्यांसाठी खलात पांढरी-काळी पावडर ओतून घोटायला बसली. समोर मथुराबाई दुसरा खल घेऊन बसल्या. महिनाभर दोघी अशाच घोटत राहिल्या. साच्याच्या कडा आता बांबूच्या कामटीनं खरवडल्या जात. तीस डिसेंबरला मथुराबाईंच्या हाताला फोड आला, तेव्हा दीपमालाने त्यांच्यापुढचा खल ओढून घेतला आणि म्हणाली, "द्या इकडं." महिन्याभरात ती त्यांच्याशी बोलली ते एवढंच.

नवे नमुने इंदूरला जाऊन आले. आमचा शोध त्यांत नव्हता. उरलं ते दुसऱ्यांनी आधीच पाहून ठेवलेलं होतं.

पेपर मागे घ्यायचं पत्र लिहायला मी एकोणीस दिवस लावले. दीपमालाला मुदतवाढ मिळाली, पदवी २०१८ मध्ये मिळाली. प्रबंध बारीक झाला, खरा झाला. विद्यापीठात तिला कुणी घेतलं नाही. ती मारेगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात बारावीला शिकवते. मी २०१९ मध्ये निवृत्त झाले. परिचराची जागा अजून भरलेली नाही. नमुने भाजायची भट्टी बंद आहे, असं ऐकते.

मथुराबाई २०२३ च्या फेब्रुवारीत लोहाऱ्याला, मुलाच्या घरी वारल्या. सकाळीच त्या मुलाचा, इंद्रजितचा फोन आला.

"आईनं सांगून ठेवलं होतं मॅडम. तुमाले कळवाचं. पन दीपमालाताईले आत्ताच नका सांगजा. बारावीचे पेपर सुरू हायेत. झाल्यावर सांगजा."

शेवटचा पेपर एकवीस मार्चला होता. मी बावीसला तिला फोन केला.