खांबाची सावली

विज्ञानाच्या बाईंच्या सावलीच्या धड्याचं शाळेत मोठं प्रस्थ. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला सातवीचा वर्ग अंगणात उतरायचा आणि वर्गातली सगळ्यांत उंच मुलगी मधोमध उभी राहायची. बाई तिला "आमचा खांब" म्हणत. लाडानंच हो! पण लाडाचं नाव पोरांच्या तोंडी लागलं की त्याचं काय होतं, हे बाईंना सांगणार कोण?

"ताठ उभी राहा गं, माप चुकतं," बाई म्हणायच्या. मग कुणी तिच्या सावलीच्या टोकाला खडूनं रेघ मारायचा, कुणी टेप धरायचा, बाकीचे वहीत आकडे उतरवायचे. उतरतं ऊन अंगणभर सांडलेलं असायचं, आवाज लांबून आल्यासारखे वाटायचे आणि त्या पिवळ्या उजेडात बाईंना अगदी तरंगल्यासारखं व्हायचं. मुलीच्या तोंडाकडे त्यांचं लक्षच नसायचं. त्या बघायच्या सावलीकडे.

एका शुक्रवारी तास संपला आणि मुलीची आई फाटकातून आत आली. ती घरी शिवणकाम करायची. गळ्यात टेप तशीच होती.

"बाई, राग मानू नका. हिचा नवा युनिफॉर्म बेतायला घेतला, तर खांद्यापासून टाचेपर्यंत पोर दीड बोट कमी भरली. सहा महिन्यांत!"

"कमी? अहो, या वयात मुली वाढतात," बाई हसल्या. "टेप आटली असेल तुमची."

"टेप कशाला आटतेय? पोर आटलीय." आई काही हसली नाही. "घरातसुद्धा दारातून वाकून जाते. दार चांगलं उंच आहे हो आमचं! आता म्हणते, शाळाच नको. तुम्ही करता तरी काय तिचं?"

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. पुढचा सगळा आठवडा त्या शाळेत झोपेत असल्यासारख्या वावरल्या. फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबायचा, खिडकीतून अंगणातली पुसट रेघ दिसायची आणि पुढचं वाक्यच सुचायचं नाही.

शुक्रवारी मुलगी सवयीनं मधे जाऊन उभी राहिली. खांदे आधीच पडलेले.

"बाजूला हो. आज टेप तू धर," बाई म्हणाल्या आणि तिच्या जागी स्वतः उभ्या राहिल्या.

बाई होत्या चांगल्याच बुटक्या. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. "अर्धा खांब!" कुणीतरी कुजबुजलं. अरे देवा, एक मिनिट केवढं लांब असतं! ऊन पांढरं झालं, अंगण दूर दूर सरकत गेलं आणि साठ डोळे तेवढे जवळ राहिले. बाईंची मान खाली गेली, खांदे आपसूक आत वळले. हे आपण वर्षभर एका पोरीला करायला लावलं, या विचारानं त्यांना रडू फुटायचंच बाकी होतं.

पायाशी टेप लावून बसलेल्या मुलीनं वर पाहिलं. मग बाईंनाच ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "बाई, ताठ उभ्या राहा ना, माप चुकतं. मी पटकन मोजते."