मागच्या सीटचं वजन

तिने नव्या मोटरसायकलचं हँडल डावीकडे शेवटपर्यंत वळवलं. इंजिन एका सुरात धडधडत होतं. बाबा टाकीपाशी वाकून ऐकत होते.

“आता उजवीकडे.”

तिने उजवीकडे वळवलं. आवाज किंचित चढला. तिच्या तो लक्षातही आला नसता, पण बाबांनी लगेच हात वर केला.

“बंद कर. ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. भर वळणात गाडी आपणहून पळायला लागेल.”

“बाबा, दुकानवाल्यांनी सगळं तपासूनच दिलीय.”

“त्यांना गाडी द्यायची घाई होती आणि तुला न्यायची. मला काही घाई नाही.”

असं म्हणाले खरे, पण त्यांचे हात एका जागी ठरत नव्हते. छापखान्यातली यंत्रं दुरुस्त करण्यात उभी हयात गेली होती त्यांची. पाना हातात आला की ते शांत होत, असा घरातल्या सगळ्यांचा अनुभव होता. आज मात्र एकच नट त्यांनी दोनदा आवळला, आणि शर्टाच्या खिशातला स्क्रू-ड्रायव्हर खाली फरशीवर शोधत राहिले.

तिच्या जीन्सच्या खिशात फोन पुन्हा थरथरला. तिने तो बाहेर काढला नाही. फोन कोणाचा ते तिला ठाऊक होतं. गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर तो केव्हाचा बॅग घेऊन उभा असणार. ‘निघतेच आहे’ असा निरोप तिने धाडला होता, त्यालाही बराच वेळ झाला होता.

दारात आई आली. तिच्या हातात आणखी एक पिशवी होती.

“अहो, सोडा आता तिला. ऊन चढतंय. मोटरसायकल आहे ती, विमान नाही.”

“चेन बघतो आणि सोडतो.”

“मघाशी हेच म्हणालात.” आईने पिशवी मागच्या कॅरियरवर बांधलेल्या सामानात खोचली. “आणि तू गं, नव्या गावात, नव्या हॉस्पिटलात पहिल्याच दिवशी कोणाशी वाद घालू नकोस. एक्स-रे काढायचे, खोलीवर यायचं. जागा बदलली की माणसाचं मनही ताळ्यावर येतं.”

तिने मान डोलावली. जागा बदलण्याचा आईला इतका आनंद का झालाय, हे या घरात कोणी बोलून दाखवत नव्हतं. गेल्या वर्षी जेवायला बसल्यावर तिने त्याचा विषय काढला, तेव्हा आईने हातातला घास तसाच ताटात ठेवला होता. एकदा लग्न मोडलेला माणूस या घराचा उंबरा ओलांडणार नाही, एवढंच ती म्हणाली. बाबा त्या वेळी काहीच बोलले नाहीत. खाली मान घालून जेवत राहिले. आईच्या बोलण्यापेक्षा ते न बोलणंच तिला जास्त लागलं होतं.

आई आत गेली. बाबांनी बोटाने चेन वरखाली करून पाहिली, मागचा नट सैल केला, चाक सरळ आहे ना ते एक डोळा मिटून बघितलं आणि नट पुन्हा घट्ट केला. मग वाकड्या तोंडाचा पाना घेऊन ते मागच्या शॉकअब्सॉर्बरपाशी उकिडवे बसले.

“बस गाडीवर. पाय वर घे.”

ती बसली. तोल जाऊ नये म्हणून त्यांनी एका हाताने गाडी धरली. स्प्रिंग किती दबते ते पाहिलं.

“वजन किती तुझं?”

“छप्पन्न.”

“सामान दहा धरू.” ते स्प्रिंगकडेच बघत होते. “आणि त्याचं?”

तिने दाराकडे पाहिलं. आतून नळ सोडल्याचा आवाज येत होता.

“कोणाचं?”

“हळू बोल. दुकानात तू मागची सीट दोनदा दाबून बघितलीस. मागच्याचे पाय कुठे टेकतात तेही विचारलंस. एकट्याने जाणारं माणूस या चौकशा करत नाही, चिंगे.”

हातमोज्याची शिवण ती नखाने खरवडत राहिली.

“सडपातळ आहे,” ती शेवटी म्हणाली.

“सडपातळ हा काही आकडा नव्हे.”

“असेल सत्तर.”

बाबांनी पाना खाचेत अडकवला आणि जोर लावला. कट्. पुन्हा कट्. दुसऱ्या बाजूलाही तेवढंच. मग गुडघ्यावर हात टेकून उठले.

“रिकाम्या सीटवर नाही कळायचं. चल, कोपऱ्यापर्यंत.”

ते आजवर कोणाच्या मागे बसले नव्हते. आता तिच्या खांद्याचा आधार घेत चढले, सामान आणि तिची पाठ यांच्यामध्ये कसेबसे मावले. आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, “चक्कर मारून बघतो गं!”

गल्ली, मग शाळेची भिंत, मग मोठा रस्ता. कोपरा केव्हाच मागे पडला. ते थांब म्हणाले नाहीत. दर खड्ड्याला त्यांचा हात तिच्या खांद्यावर घट्ट होई आणि सुटे.

पुलाच्या अलीकडे त्यांनी खांद्यावर थोपटलं. तिने गाडी कडेला घेतली.

“स्प्रिंग बरोबर बसलीय,” उतरता उतरता ते म्हणाले. “जा आता.”

“बाबा, घरी... आईच्या पाया पडून—”

“परत गेलीस तर निघायला जमणार नाही तुला. मी ओळखतो तुला.”

“मग तिला काय सांगाल?”

“सांगतो मी. त्या दिवशी जेवताना गप्प बसलो, ते काही बरं केलं नाही.” त्यांनी सामानाची दोरी ओढून पाहिली. ती पक्की होती, तरी पुन्हा ओढली. “त्याला म्हणावं, वळणावर अंग ताठ धरू नकोस. पुढची जिकडे झुकेल तिकडे झुकायचं.”

तिला त्यांचा हात धरायचा होता. पण तेवढ्यात मागून एक ट्रक भोंगा वाजवत आला आणि बाबांनीच ‘नीघ, नीघ’ म्हणून हात केला.

पूल चढताना तिने मान वळवून पाहिलं. ते घराकडे निघाले नव्हते. रस्त्याकडेच्या दगडावर बसले होते, काळे झालेले हात मांडीवर ठेवून.