माझा उजेड कुणी खाल्ला?

"डोळे उघडे ठेवा!" मित्रांनो, हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं, आणि ते बोलून होताच समोरच्याला डोळे मिटायला लावले. मी एक जुना फ्लॅश आहे. मोबाइलच्या पाठीवर मुगाएवढा असतो तो नव्हे. फोटो स्टुडिओत स्टँडवर उभा असतो तो, दुधाच्या किटलीएवढा. माझा जन्म कोणत्या देशातला, हे पाठीवरच्या स्टिकरवर लिहिलं होतं. तो स्टिकर उंदरानं खाल्ला. तेव्हापासून मी कोल्हापूरचाच.

गंगावेशीत बाळासोंचा स्टुडिओ आहे. अठरा वर्षांपूर्वी त्यांनी मला खोक्यातून काढलं, तेव्हा पहिल्याच फटक्याला मी असा चमकलो, की समोरच्या चप्पलवाल्यानं वीज पडली म्हणून शटर ओढलं. मी पैलवानांच्या दंडांवर उजेड पाडला, नवरदेवांच्या फेट्यांवर पाडला, आणि हॉल तिकिटाच्या फोटोसाठी आलेल्या शेकडो सज्जन पोरांना क्षणात चोर करून सोडलं. बाळासो गिऱ्हाइकाला सांगायचे, "ह्यो फ्लॅश न्हाय, माझा थोरला ल्योक हाय." दोन वर्षांनी मागच्या पडद्यावर उजेड टाकायला एक छोटा फ्लॅश आला. तो धाकटा.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. शेतकरी विळा पुजतो, सुतार करवत पुजतो, बाळासो मला पुजत. पहिल्या वर्षी त्यांच्या आईंनी, बयाबाईंनी, माझ्या तोंडावरच्या गोल काचेला हळदीकुंकवाचं बोट लावलं. फ्लॅशचं कपाळ कुठलं, हा प्रश्न त्याआधी कुणाला पडलाच नव्हता. त्यांनी तो सोडवून टाकला. पुढच्या दसऱ्याला बयाबाई नव्हत्या. बाळासोंनी आईचं बोट पुसलं नाही. त्याच्या शेजारी आपलं लावलं. मग दरवर्षी एकेक. धाकट्याचं तोंड पडद्याकडं, म्हणून त्याला पाठीवरच मिळायचं. तो नशिबाचा.

माझ्या पोटातल्या दिव्याच्या उबेनं ती हळद भाजून पक्की झाली. वरून वर्षभर पांढऱ्या कापडाची पेटी लावलेली, त्यामुळं माझं तोंड दसऱ्याखेरीज कुणी बघायचं नाही. फोटो काळपट येऊ लागले. बाळासोंनी कॅमेऱ्याची सेटिंगं वाढवली. पिवळट येऊ लागले, तेव्हा संगणकावर पिवळेपणा काढून टाकला. म्हातारपण झाकायची ही पद्धत माणसांतही आहे असं ऐकतो.

मग यंदा भाद्रपदात वर्षाराणीचा फोटो निघाला. ही बाळासोंची गारगोटीची भाची. वडील कृष्णात घाईचे. त्यांनी फोटो कॅमेऱ्यातून थेट मोबाइलवर घेतला आणि मलकापूरच्या स्थळाला धाडला. दुसऱ्या दिवशी ते दारात हजर.

"बाळासो, पावणं इचारत्यात, पोरीला कावीळ झालीया का!"

"कुणाला? आपल्या वर्षाराणीला?"

"मग काय मला? मामाकडं फोटो काढला म्हणून तोंड वर करून सांगितलंतं मी."

बाळासो पहिल्यांदा माझ्याकडं परक्यासारखं बघत राहिले. मग म्हणाले, "रविवारी तिला परत घेऊन या, दाजी. तवर ह्यो सुधारला तर ठीक. न्हाय तर ह्याला भंगारात घालून नवा आणतो."

मित्रांनो, थोरल्या लेकाला असं बोलल्यावर त्याचं काय होत असेल!

शनिवारी शशिधर आला. निपाणीकडचा, फ्लॅश दुरुस्तीतला नामांकित डॉक्टर. आल्याआल्या त्यानं माझी वायर उपसली आणि सगळ्यांना मागं सारलं.

"हात लावू नका हं, सर. बंद केला तरी पोटात करंट धरून ठेवतोय हा."

माणसांत याला डूख धरणं म्हणतात. आमच्यात कपॅसिटर म्हणतात.

बऱ्याच वेळानं त्यानं माझी पाठ उघडली. वायरी बघितल्या, सांधे बघितले, कपॅसिटर मोजले. "अय्यो, वय झालंय, पण इतकं काय न्हाय. रुपयात चार आणे उजेड कमी व्हावा. हितं तर बारा आणे गेलेत." मग त्यानं कापडी पेटी काढली आणि माझ्या तोंडाकडं बघितलं. काचेवर अठरा दसरे बसलेले. मला वाटलं, सुटलो! त्यानं बोट पुढं नेलं, आणि लगेच मागं घेऊन हात जोडले.

"देवाचं हाय," म्हणाला, आणि पेटी परत लावली.

निदान झालं: म्हातारपण. औषध: भंगार.

संध्याकाळी बाळासोंनी मला दारात आणून ठेवलं. तेवढ्यात त्यांच्या पत्नी संयोगिता बाहेर आल्या. पेटी उतरवली, आणि ओरडल्याच.

"अवं, कुंकवासकट भंगारात देताय? पाप लागंल! आधी पुसा की."

"न्हाय. त्यावर आईचं बोट हाय."

"आणि आईंचं बोट भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवणार व्हय?"

संयोगिताबाईंनी काच फिरवून काढली, कोमट पाण्यात साबण घालून घासली. बादली पिवळी, मग तांबडी झाली. पाणी तुळशीला गेलं. काच कोरडी करून पुन्हा बसवली, तेव्हा मला कित्येक वर्षांनी समोरची भिंत स्पष्ट दिसली. तिला रंग द्यायला हवा होता.

बाळासोंनी कोऱ्या काचेवरून बोट फिरवलं. संयोगिताबाई हळूच म्हणाल्या, "आई म्हणायच्या, पोरा, लख्ख फोटो काढ. फ्लॅशला आंधळा कर, असं न्हाय म्हणाल्या."

रविवारी वर्षाराणी बसली. बाळासोंनी कॅमेऱ्याची सेटिंगं जुनीच ठेवलेली. मी चमकलो, समोरच्या चप्पलवाल्यानं शटर ओढलं. फोटोत वर्षाराणी नव्हतीच. नुसता पांढराशुभ्र कागद आणि दोन भुवया.

"मामा, माझी कावीळ गेली, पण मी बी गेली!" ती हसत सुटली. सेटिंगं उतरवली, दुसरा फोटो काढला, आणि त्यात ते हसणंच आलं. बाळासो माझ्या डोक्यावर थोपटत म्हणाले, "थोरला अजून घरातच राहणार."

मित्रांनो, तुमच्या घरच्या जुन्या वस्तूवर प्रेम जरूर करा, पण वर्षातून एकदा तिचं तोंडही पुसा. पुजलेली वस्तू पुसली म्हणून देव रागावत नाही. न पुसलेली मात्र निमूट मिटत जाते.

कालच खंडेनवमी झाली. बाळासो ताट घेऊन आले. संयोगिताबाई आतून ओरडल्या, "पाठीला लावा!"

त्यांनी ऐकलं. माझ्या पाठीवर मसुराएवढा एक डोळा आहे. कॅमेऱ्याची वायर धाकट्याला, आणि धाकटा चमकलेला त्या डोळ्याला दिसला की मी चमकतो. बाळासोंनी अगदी नेम धरून, भक्तिभावानं, त्याच डोळ्यावर बोट टेकवलं.

आज सकाळपासून मी चमकलेलो नाही. शशिधरला बोलावणं गेलंय.